बडोद्यात राहून संगीत शिक्षणाची पदव्युत्तर पदवी घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी

संगीत शिक्षणात पदव्युत्तर पदवी घ्यायची आहे, असे ठरवणाऱ्या प्रत्येकाने अर्ज भरण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर स्वतःशी निश्चित करावे: आपल्यासमोर शिकायला कोण बसणार आहे? सहावीच्या वर्गातील चाळीस मुले, महाविद्यालयातील आठ-दहा विद्यार्थी, की घरी तानपुऱ्याशी बसलेला एखाद-दुसरा शिष्य? हे उत्तर मिळाल्याखेरीज कोणती पदवी घ्यावी याचा निर्णय घेता येत नाही, कारण आपल्या देशात ‘संगीत शिक्षण’ या नावाची स्वतंत्र पदव्युत्तर पदवी क्वचितच आढळते. संगीत एका विद्याशाखेत शिकवले जाते आणि शिक्षणशास्त्र दुसऱ्या. या दोहोंची जोड विद्यार्थ्याला स्वतः घालावी लागते. बडोद्याच्या विद्यार्थ्याला या बाबतीत एक मोठी सोय आहे, ती अशी की या दोन्ही विद्याशाखा एकाच विद्यापीठात आहेत. त्या सोयीचा उपयोग कसा करावा, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

आधी रस्ता ठरवा

शाळेत शिकवायचे असेल तर पदव्युत्तर पदवीची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. केंद्रीय विद्यालयांतील प्राथमिक संगीत शिक्षकाच्या पदासाठी बारावीनंतर संगीतातील पदवी ही मूळ अट असते. खासगी शाळा त्याच्या जोडीला बी. एड. आणि प्रत्यक्ष वर्ग हाताळण्याची तयारी पाहतात. पदवीनंतर बी. एड., मग दोन-तीन वर्षे शाळेतील अनुभव आणि त्यानंतर एम. एड. (शिक्षणशास्त्रातील पदव्युत्तर पदवी) किंवा एम. पी. ए. (प्रयोगकलांतील पदव्युत्तर पदवी), हा क्रम शाळेत रमणाऱ्या व्यक्तीला अधिक मानवतो. अशा व्यक्तीला एम. एड.च्या वर्गात बसल्यावर विचारण्यासारखे स्वतःचे प्रश्न असतात, आणि पुढे प्रबंधाचा विषयही त्यातूनच निघतो.

महाविद्यालयात शिकवायचे असेल तर मार्ग वेगळा. सहायक प्राध्यापकपदासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांनी मिळवावी लागते आणि त्यावर नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्यस्तरीय) ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते; २०२३ मधील दुरुस्तीनंतर या पहिल्या पायरीच्या पदासाठी पीएच. डी. अनिवार्य राहिलेली नाही. संगीतासारख्या प्रयोगकलांसाठी याच नियमावलीत आणखी एक वाट आहे, आणि ती पुष्कळांना ठाऊक नसते. नामवंत गुरूंकडे शिकलेला, आकाशवाणी किंवा दूरदर्शनचा ‘ए’ श्रेणीचा कलाकार असलेला, विषयामागील तर्कसंगती सांगू शकणारा आणि शास्त्रपक्ष सोदाहरण शिकवण्याइतके ज्ञान असलेला पदवीधर कलावंतही या पदाला पात्र ठरू शकतो. या अटी काळजीपूर्वक वाचल्या तर लक्षात येते की केवळ उत्तम गाणे येथेही पुरेसे मानलेले नाही. समजावून सांगता येणे ही अट त्यात स्पष्टपणे घातलेली आहे.

तिसरी वाट संगीत कसे शिकवले जाते याचाच अभ्यास करू इच्छिणाऱ्यांची. त्यांच्यासाठी बी. एड. आणि त्यावर दोन वर्षांचा एम. एड. अभ्यासक्रम, आणि त्यातील लघुप्रबंध संगीत अध्यापनावर, ही सर्वांत योग्य जुळणी आहे. एम. एड.ला प्रवेश घेण्यासाठी बी. एड. किंवा तत्सम शिक्षक-प्रशिक्षणाची पदवी किमान ५० टक्के गुणांनी लागते. केवळ संगीताची पदवी हातात घेऊन एम. एड.चा अर्ज भरता येत नाही, ही गोष्ट पुष्कळांना प्रवेशाच्या खिडकीपाशी गेल्यावर कळते.

येथे गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांविषयीही लिहिणे आवश्यक आहे, कारण बडोद्यातील मराठी मुलांपैकी अनेकजण प्रारंभिकपासून विशारदपर्यंतचा रस्ता याच परीक्षांतून चाललेले असतात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या विशारद आणि अलंकार या परीक्षांना संगीताच्या जगात मान आहे आणि त्यांची तयारी विद्यार्थ्याला खरोखरच घडवते. परंतु मंडळ हे विद्यापीठ नाही. अलंकार ही परीक्षा कोणत्या ठिकाणी पदव्युत्तर पदवीशी समकक्ष धरली जाईल, हे त्या-त्या राज्यावर आणि संस्थेवर अवलंबून असते. म्हणून महाविद्यालयीन अध्यापनाचे ध्येय असणाऱ्याने अलंकार जरूर करावे, मात्र त्यावर विसंबून विद्यापीठाची पदवी टाळू नये. समकक्षतेविषयी तोंडी आश्वासनावर कधीही थांबू नये. विद्यापीठाच्या पात्रता विभागाकडून लेखी उत्तर घ्यावे.

बडोद्यात काय उपलब्ध आहे

सूरसागर तलावासमोरील जी संस्था आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची प्रयोगकला विद्याशाखा म्हणून ओळखली जाते, तिचा उगम १८८६ मध्ये महाराज सयाजीराव गायकवाड तिसरे यांनी उस्ताद मौलाबक्ष यांच्या देखरेखीखाली सुरू केलेल्या गायनशाळेत आहे. दरबारी गवयाने शाळेतील मुलांना स्वरलिपीच्या साहाय्याने, वेळापत्रकानुसार आणि वर्गात बसवून शिकवावे, हा विचार त्या काळी अत्यंत धाडसी होता. मौलाबक्ष यांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती तयार केली होती आणि तिच्या आधारे शिकवण्याची पुस्तके सिद्ध केली होती. त्यांचे नातू, पुढे सूफी संदेशासाठी पाश्चात्त्य देशांत प्रसिद्ध झालेले इनायत खाँ, याच वातावरणात वाढले. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ मध्ये भरली, तीही बडोद्यातच. १९४९ मध्ये विद्यापीठ स्थापन झाल्यावर हे संगीत विद्यालय त्यात सामावले गेले. हा इतिहास मी अभिमानासाठी सांगत नाही. संगीत वर्गात शिकवता येते का, लिपीतून किती शिकवता येते, गुरुमुखातून किती घ्यावे लागते, हे प्रश्न या शहरात सव्वाशे वर्षांहून अधिक काळ प्रत्यक्ष हाताळले गेले आहेत, आणि संगीत शिक्षणाच्या अभ्यासकाला अभ्याससामग्री म्हणून ते शहर उपलब्ध आहे.

या विद्याशाखेत गायन, सतार, व्हायोलिन, तबला, नृत्य आणि नाट्य यांचे पदवी व पदव्युत्तर शिक्षण मिळते. दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीचे नाव एम. पी. ए. असे आहे. विद्यापीठाची शिक्षणशास्त्र व मानसशास्त्र विद्याशाखा वेगळी असून बी. एड. व एम. एड. तेथे होतात. शिक्षणशास्त्रातील प्रगत अभ्यासाचे केंद्र, ज्याला सारे ‘केस’ म्हणून ओळखतात, १९६० च्या दशकापासून याच विद्याशाखेत आहे. शिक्षणविषयक संशोधनाची परंपरा असलेले असे ठिकाण आणि शतकभर जुनी संगीतशाळा हाताशी असणे, ही जुळणी दुर्मीळ आहे.

ज्यांना बडोद्यात प्रवेश मिळाला नाही किंवा ज्यांना वेगळी तालीम हवी आहे, त्यांनी ग्वाल्हेरचे राजा मानसिंह तोमर संगीत व कला विद्यापीठ, पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र, छत्तीसगडमधील खैरागढचे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आणि लखनौचे भातखंडे विद्यापीठ यांच्या माहितीपुस्तिका पाहाव्यात. संस्थेचे नाव पाहण्यापेक्षा तेथे आपल्या वाद्याचे किंवा गायकीचे शिक्षक कोण आहेत, हे आधी पाहावे.

प्रवेश

प्रवेशसूचना साधारणपणे पदवीचे निकाल लागण्याच्या सुमारास निघतात. गुजरातमधील सरकारी विद्यापीठांसाठी ‘जीकॅस’ हे प्रवेश अर्जांचे सामायिक संकेतस्थळ सुरू झालेले आहे. तरीही प्रयोगकलांमध्ये प्रात्यक्षिक चाचणीची तारीख विद्याशाखेच्या फलकावर आणि तिच्या कार्यालयात स्वतः जाऊन पाहावी. गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, जातीचे वा उत्पन्नाचे प्रमाणपत्र आणि बाहेरच्या विद्यापीठातून येत असल्यास स्थलांतर प्रमाणपत्र यांच्या प्रती आधीच तयार ठेवाव्यात. स्थलांतर प्रमाणपत्राला काही विद्यापीठांकडून अनेक आठवडे लागतात, म्हणून त्याचा अर्ज निकालाच्या दुसऱ्याच दिवशी करावा.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांची आणि संशोधनासह चार वर्षांच्या पदवीनंतर एका वर्षाची पदव्युत्तर पदवी अशी रचना अपेक्षित आहे. आपण चार वर्षांची पदवी केली असेल तर एका वर्षाची सवलत आपल्या विषयात लागू झाली आहे का, याची चौकशी करावी. सवलत मिळत असली तरी, ज्याचा गळा किंवा हात अजून तयार व्हायचा आहे त्याने दोन वर्षे घेतलेली बरी.

एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये दिली आहे. वेळा आड येत नसतील तर दोन्ही प्रत्यक्ष स्वरूपाचे, अथवा एक प्रत्यक्ष व दुसरा दूरस्थ असे करता येतात. ही बातमी वाचून एम. पी. ए. आणि बी. एड. एकत्र करण्याचा बेत अनेकजण आखतात. परंतु बी. एड. हा राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या नियमांखालील अभ्यासक्रम आहे आणि दोन वर्षांच्या बी. एड.मध्ये एकूण २० आठवड्यांचा शालेय अनुभव असतो, त्यातले १६ आठवडे दुसऱ्या वर्षात सलग येतात. त्या काळात सकाळी शाळा, दुपारी विद्याशाखा आणि संध्याकाळी रियाज हे गणित जुळत नाही. मी तरी हा बेत कोणाला सुचवणार नाही. याखेरीज प्रयोगकलेतील पदवीवर बी. एड.ला प्रवेश मिळतो का आणि मिळाल्यास अध्यापनपद्धतीचा कोणता विषय घ्यावा लागतो, हे त्या महाविद्यालयाकडून आधी लेखी विचारून घ्यावे, कारण अनेक ठिकाणी संगीत हा अध्यापन-विषय म्हणून उपलब्ध नसतो आणि मग विद्यार्थ्याला भाषा किंवा सामाजिक शास्त्रे निवडावी लागतात.

प्रात्यक्षिक चाचणीविषयी थोडे सविस्तर लिहितो. परीक्षक बहुधा विद्यार्थ्याला त्याच्या पसंतीचा राग गायला किंवा वाजवायला सांगतात, मधेच थांबवतात आणि दुसऱ्या रागाविषयी विचारतात. येथे तानांची तयारी दाखवण्याची ओढ अनावर होते. परंतु विलंबित (संथ लयीतील) ख्यालात समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कसे येतो, आलापीत रागाचे रूप टिकते का, तानपुरा स्वतः जुळवता येतो का आणि तबलजीने ठेका बदलल्यास आपण गडबडतो का, यांवर विद्यार्थ्याची पारख होते. यमन आणि भूप, भूप आणि देशकार, मारवा, पूरिया आणि सोहनी अशा जवळच्या रागांतील भेद गाऊन दाखवण्याची तयारी ठेवावी. त्याशिवाय एक तयारी अशी करावी जी सहसा कोणी करत नाही: एखादी सोपी बंदिश आपण पहिल्यांदाच शिकणाऱ्याला कशी शिकवाल, हे पाच मिनिटांत करून दाखवता आले पाहिजे. हा प्रश्न विचारला जाईलच असे नाही. विचारला गेला तर अध्यापनाची आवड असलेला विद्यार्थी तेथेच वेगळा दिसतो.

भाषेचाही विचार हवा. बडोद्याच्या वर्गात गुजराती, हिंदी आणि इंग्रजी या तिन्ही भाषा कानावर पडतात. घरी मराठी बोलणाऱ्या विद्यार्थ्याला गुजराती बोलता येते, पण फळ्यावर गुजरातीत शुद्ध लिहिता येतेच असे नाही, बी. एड.च्या सराव पाठांसाठी गुजराती माध्यमाची शाळा मिळाली तर ही उणीव जाणवते. लेखी उत्तरे कोणत्या भाषेत लिहिता येतात हे पहिल्याच आठवड्यात विचारावे.

दोन वर्षांचा अभ्यास

शास्त्रपक्षाची तयारी करताना मराठी विद्यार्थ्याला पहिला अडथळा स्वरलिपीचा येतो, आणि तो शिक्षक म्हणूनही महत्त्वाचा असल्यामुळे त्यावर थांबले पाहिजे. गांधर्व महाविद्यालयाच्या परंपरेत पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांची लिपी चालते, तर विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात बहुधा भातखंडे यांची लिपी वापरली जाते. भातखंडे लिपीत स्वराच्या वर दिलेला बिंदू तार (वरचे) सप्तक दाखवतो. पलुसकर लिपीत तोच वरचा बिंदू मंद्र (खालचे) सप्तक दाखवतो आणि तार सप्तकासाठी स्वरावर उभी रेघ असते. भातखंडे लिपीत तीव्र मध्यमावर उभी रेघ असते, म्हणजे तीच रेघ दोन पद्धतींत दोन वेगळ्या गोष्टी सांगते. तालाच्या चिन्हांतही असाच घोळ होतो: भातखंडे सम गुणाकाराच्या चिन्हाने आणि खाली (टाळी न वाजवता हात मोकळा दाखवण्याची मात्रा) शून्याने दाखवतात, तर पलुसकर पद्धतीत सम एक या अंकाने आणि खाली अधिकच्या चिन्हाने दाखवली जाते. घाईत लिहिलेले अधिकचे चिन्ह गुणाकारासारखे दिसते, आणि सम व खाली यांची अदलाबदल होते. यावर उपाय एकच आहे. दहा-बारा ओळखीच्या बंदिशी दोन्ही लिपींत स्वतःच्या हाताने लिहून काढाव्यात आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर कोणती लिपी वापरली आहे ते नोंदवावे. पुढे विद्यार्थ्यांना शिकवताना हीच वही उपयोगी पडते, कारण त्यांच्यापैकी निम्मे एका परंपरेतून आणि निम्मे दुसऱ्या परंपरेतून आलेले असतात.

ग्रंथांच्या बाबतीत बडोदे समृद्ध आहे. विद्यापीठाचे हंसा मेहता ग्रंथालय आणि शहरातील मध्यवर्ती ग्रंथालय यांच्याशिवाय प्राच्यविद्या मंदिराकडे संगीताच्या विद्यार्थ्याने अवश्य जावे. तेथील गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत अभिनवगुप्तांच्या टीकेसह नाट्यशास्त्राची आवृत्ती १९२६ पासून खंडशः प्रकाशित झाली. नारदाच्या नावावर असलेला संगीतमकरंद हा ग्रंथही याच मालेत निघाला. हे मूळ ग्रंथ परीक्षेच्या मार्गदर्शिकांतून चार-चार ओळींत वाचण्यापेक्षा, एखादा अध्याय संस्कृत जाणणाऱ्या व्यक्तीच्या मदतीने संपूर्ण वाचावा. श्रुती, ग्राम, मूर्च्छना या प्राचीन संगीतशास्त्रातील संकल्पनांविषयीचे पाठांतर त्यानंतरच अर्थपूर्ण होते.

रियाज कमी होऊ देऊ नये. पदव्युत्तर वर्षांत निबंध, सादरीकरणे आणि सत्र परीक्षा यांत दिवस निघून जातात, आणि ज्या गळ्याच्या आधारावर आपण शिक्षक होणार आहोत तोच मागे पडतो. विद्यापीठातील गुरूंव्यतिरिक्त ज्यांच्याकडे आधीपासून तालीम सुरू आहे, त्यांच्याकडे जाणे त्यांच्या संमतीने सुरूच ठेवावे आणि विद्यापीठात काय चालले आहे हे त्यांना सांगत राहावे. १८ ते २५ या वयोगटातील विद्यार्थ्यांनी केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या युवा कलाकार शिष्यवृत्तीचा विचार करावा. तीत दोन वर्षे दरमहा ५,००० रुपये मिळतात आणि गुरूंकडील तालीम हीच तिची मूळ अट आहे.

शिकवण्याचा सराव

माझ्या मते संगीत शिक्षणाची पदवी घेणाऱ्याने सर्वाधिक लक्ष येथे द्यावे, आणि नेमके याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. चांगला गाणारा चांगला शिकवतोच असे नाही, हे सर्वांना मान्य असते. परंतु शिकवण्याचा सराव कसा करावा, हे फारसे कोणी सांगत नाही. पहिल्या सत्रापासून आठवड्यातून एक तास एखाद्या शाळेत, बालमंदिरात किंवा आपल्या परिसरातील बालसंस्कार वर्गात शिकवावे, त्यासाठी मानधनाची अपेक्षा ठेवू नये आणि वर्ग पाहण्यासाठी कोणा अनुभवी शिक्षकाला महिन्यातून एकदा बोलवावे. दांडिया बाजार, रावपुरा या भागांत मराठी मंडळांचे गणेशोत्सव आणि बालमेळावे असतात. तेथेही अशा संधी मिळतात.

पहिली गोष्ट पट्टीची, म्हणजे षड्ज (सा) कोणत्या स्वरावर धरायचा याची. गायक स्वतःच्या पट्टीत शिकवतो, आणि ती मुलांची पट्टी नसते. प्राथमिक वयातील मुलांचा आवाज साधारणपणे हार्मोनियमच्या मध्य सप्तकातील पांढरी एकपासून (सप्तकाच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीपासून) तार सप्तकातील पांढरी एकपर्यंत सहज फिरतो. काळी चार किंवा काळी पाचला षड्ज धरणाऱ्या शिक्षिकेचा षड्ज मुलांना फार खाली, खर्जात जातो, आणि मुले कुजबुजल्यासारखी गाऊ लागतात. पुरुष शिक्षक पांढरी एकला गात असला तरी त्याचा आवाज मुलांपेक्षा एक सप्तक खाली असतो, आणि काही मुले तेथवर उतरण्याचा प्रयत्न करून आवाज दाबतात. म्हणून वर्गासाठी पांढरी एक ते पांढरी तीन यांच्या दरम्यान षड्ज ठेवावा, गाणी शक्यतो षड्ज ते धैवत एवढ्याच परिघातील निवडावीत, आणि पुरुष शिक्षकाने सुरुवातीचा स्वर हार्मोनियमवर मुलांच्या सप्तकात वाजवून द्यावा किंवा एखाद्या सुरेल मुलाकडून म्हणवून घ्यावा. मुलगे बारा-चौदा वर्षांचे झाले की त्यांचा आवाज फुटतो. त्या काळात त्यांना गाण्यापासून बाजूला सारू नये; ताल धरणे, तबला, मंजिरा, स्वर ओळखणे अशी कामे देऊन त्यांना वर्गात ठेवावे, म्हणजे आवाज स्थिरावल्यावर ते परत गाऊ लागतात.

दुसरी गोष्ट लयीची. आपल्याकडे पहिला पाठ सा रे ग म चा असतो; चाळीस मुलांच्या वर्गात तो पहिल्याच दहा मिनिटांत विस्कटतो. लयीपासून सुरुवात केली तर संपूर्ण वर्ग एकत्र येतो. बडोद्यातील मूल, ते मराठी घरातले असले तरी, नवरात्रात गरब्याच्या टाळ्या वाजवत वाढलेले असते आणि सहा मात्रांचा हींच ताल त्याच्या पायांत बसलेला असतो. त्या ओळखीच्या चालीवरून सहा मात्रांचाच दादरा ताल समजावणे सोपे जाते, आणि दादऱ्यातील सम व खाली हाताने दाखवता येऊ लागली की तीनतालाच्या सोळा मात्रांपर्यंत पोहोचायला फार वेळ लागत नाही. घरी आरत्या म्हणणाऱ्या मुलांसाठी आरतीतील टाळ्यांचा आधारही असाच घेता येतो.

पाठ टाचण लिहिताना ‘विद्यार्थ्यांना भूप रागाची ओळख होईल’ असे उद्दिष्ट लिहू नये. ‘विद्यार्थी भूपाचा आरोह हार्मोनियमच्या आधाराशिवाय एकत्र म्हणतील’ असे लिहावे, कारण हे घडले की नाही हे तास संपताना पाहता येते. ३५ मिनिटांच्या तासात शिक्षकाचे बोलणे एकूण सात-आठ मिनिटांपेक्षा अधिक होऊ नये. प्रत्येक तास मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावा आणि त्याच संध्याकाळी ऐकावा. मुले कोणत्या ओळीवर बेसूर झाली आणि त्या वेळी आपण काय करत होतो, हे त्यात स्वच्छ ऐकू येते. मुद्रणासाठी शाळेची परवानगी घ्यावी आणि ते कोठेही प्रसारित करू नये.

लघुप्रबंधाचा विषय

‘संगीताचे मानवी जीवनातील स्थान’ यांसारखे विषय घेऊ नयेत. त्यांतून नवीन काही हाती लागत नाही. विषय लहान, जवळचा आणि तपासता येणारा असावा. उदाहरणार्थ, स्वरलिपी समोर ठेवून शिकलेल्या आणि केवळ ऐकून शिकलेल्या सहावीच्या दोन तुकड्यांना तीच बंदिश महिन्याभरानंतर किती आठवते. बडोद्यातील मराठी भजनी मंडळांत नव्या सदस्याला चाली कशा शिकवल्या जातात. मौलाबक्ष यांची स्वरलेखनपद्धती आणि भातखंडे यांची पद्धती यांत नवशिक्याला कोणती वाचायला सोपी जाते. यांपैकी कोणताही विषय दोन सत्रांत पूर्ण होऊ शकतो. पूर्व चाचणी आणि उत्तर चाचणी घेणार असाल तर बंदिश दोन्ही तुकड्यांना नवीन असल्याची खात्री करावी, आणि मुलांचे गायन ऐकून गुण देणाऱ्या दोन जाणकारांना कोणते मूल कोणत्या तुकडीतील आहे हे सांगू नये. मुख्याध्यापकांची परवानगी आणि पालकांची संमती लेखी हवी. विषय ठरवण्याआधी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट संस्थेने चालवलेल्या ‘शोधगंगा’ या संग्रहावर त्याच विषयावरील प्रबंध शोधावेत, म्हणजे झालेले काम पुन्हा होत नाही.

नेट आणि नोकरी

नेट परीक्षेला पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या अंतिम वर्षात असतानाच बसता येते. पहिल्या पेपरात ५० आणि दुसऱ्यात १०० प्रश्न असतात, तीन तासांचा सलग वेळ असतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. संगीताच्या अभ्यासक्रमात अध्यापन व संशोधनपद्धती हा स्वतंत्र घटक आहे. ज्यांनी शिक्षणशास्त्राचा अभ्यास केला आहे त्यांना पहिला पेपर आणि हा घटक दोन्ही सोपे जातात, तर केवळ गाण्यावर भर देणारे बहुधा पहिल्या पेपरातच मागे पडतात. संशोधन छात्रवृत्तीसाठी सर्वसाधारण गटाला ३० वर्षांची वयोमर्यादा आहे, सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठी वयोमर्यादा नाही; ज्या गृहिणींनी वा नोकरदारांनी उशिरा शिक्षण सुरू केले त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

परदेशात संगीत शिक्षणाची याच नावाची पदवी मिळते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ती आहे, अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत आहे आणि हंगेरीतील केचकेमेट येथे हंगेरियन संगीतकार कोदाय यांच्या पद्धतीवर आधारित अभ्यासक्रम चालतो. तेथे पाश्चात्त्य स्वरलेखन वाचता येणे आणि अध्यापनाचा अनुभव या गोष्टींना महत्त्व असते. बडोद्यातील आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळाही समूहगान आणि पाश्चात्त्य लिपी यांची जाण असलेला शिक्षक शोधतात, त्यामुळे परदेशी जाण्याचा विचार नसला तरी पाच रेघांची लिपी वाचण्यापुरती शिकून घ्यावी.

शाळेत मुलाखतीसाठी बोलावले जाते तेव्हा बहुतेक ठिकाणी प्रात्यक्षिक पाठ घ्यायला सांगतात. पद कोणत्या इयत्तांसाठी आहे हे आदल्या दिवशी दूरध्वनीवरून विचारून घ्यावे, शाळेत हार्मोनियम आहे का आणि तो सुरात आहे का हेही विचारावे, आणि नसल्यास स्वतःचा न्यावा. ख्याल गाऊन दाखवण्याचा आग्रह झाला तर तो पाठानंतर गावा. पाठात मात्र मुलांना पहिल्या दोन मिनिटांत टाळी धरायला लावावी आणि तास संपेपर्यंत वर्गातील प्रत्येक मुलाने किमान एक ओळ गायलेली असावी.